काटा मांडला की पंखा बंद

कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या त्या गल्लीत दिवसभर लोखंडच बोलत असतं. लेथ कुरकुरतात, हातोडे आदळतात, फौंड्रीकडून जळक्या वाळूचा वास येतो, आणि माणसं साधं बोलायचं झालं तरी भांडल्यासारखी ओरडतात. अशा गल्लीत एक खोली आहे, जिथं माणूस श्वाससुद्धा हळू सोडतं. गुरुसिद्धआण्णांच्या गॅरेजची ती मागची खोली. पुढं इंजिनं पोट उघडून पडलेली, साखळदंड लोंबतोय, ऑइल पिऊन पिऊन फरशी काळी झालेली. आणि मागं, जुन्या ताडपत्रीच्या पडद्याआड, पाटावर काटा मांडून गौराबाई बसलेली.

गल्लीचा समज असा, की आण्णांची बायको गडमुडशिंगीहून डबा घेऊन येते आणि उन्हं उतरेपर्यंत मागं पडून राहते. कुणी विचारलं नाही आणि गुरुसिद्धनं कधी सांगितलं नाही. "आण्णांनी बांधलेलं इंजिन लोण्यागत फिरतंय," असं लोक म्हणायचे तेव्हा तो मिशीवरनं हात फिरवायचा आणि पडद्याआड गौराबाई कानशीला लागलेला भुगा फुंकरीनं उडवायची. दोघांचं तसं ठरलेलं नव्हतं. ते तसं होत गेलं होतं, नदीच्या काठाला पायवाट पडत जाते तसं.

काटा तिच्या माहेरचा. माहेर हुपरी, चांदीचं गाव. बाप प्रभुलिंग पैंजणं घडवायचा आणि घरातल्या बायका साखळ्यांना डाग द्यायच्या, म्हणजे कड्या तापवून जोडायच्या. गौराबाईकडं लहानपणापासून जोड जुळवायचं काम आलं. उजव्या पायातलं आणि डाव्या पायातलं पैंजण एका वजनाचं झालं पाहिजे, मग पुढचं. बाप म्हणायचा, "गौरे, बाईला फरक सांगता येत न्हाय, पर पायाला कळतंय. कायतरी खुपल्यागत वाटत ऱ्हातं तिला जलमभर." ती काट्याच्या दोन पारड्यांत दोन पैंजणं ठेवायची, गुंजेच्या बिया घालून फरक बघायची आणि मण्यामण्यानं तो काढून टाकायची. बापाचे हात थकले तेव्हा त्यानं काटा कुणा कारागिराला न देता लेकीच्या पेटीत घातला. सासरी आलेल्या बाकीच्या भांड्यांना पोचे पडले, काटा मात्र होता तसा राहिला.

इंजिनाची आणि तिची गाठ पडली ती एका संध्याकाळी. नवीन लग्न. गुरुसिद्ध तेव्हा दुसऱ्याच्या हाताखाली होता. चिडून घरी आला आणि पिशवीतनं चार पिस्टन चुलीपुढं ओतले. "सगळं नवं घातलं, तरी इंजिन थंडीतापागत हुडहुडतंय. उद्या मालक मला हाकलतोय." तो हातपाय धुवायला गेला आणि गौराबाईनं सहज, करमणूक म्हणून, काटा टांगला. एकेक जोड करून बघितली. तो आत आला तेव्हा ती म्हणाली, "आवं, हे चार भाऊ न्हवंत. ह्यो एक सावत्र हाय."

त्या दिवसापासून सगळी इंजिनं आधी तिच्या पाटावर येऊ लागली.

काम म्हटलं तर सोपं आहे. इंजिनात चार पिस्टन खालीवर धावतात, डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगानं. त्यातला एक जरी जड असला तर तो इतर तिघांना हिसके देतो आणि सगळं इंजिन अंग झाडायला लागतं. म्हणून चौघं एका वजनाचे करायचे. पण वजन वाढवता येत नाही. फक्त काढता येतं. तेव्हा सगळ्यात हलका कोण ते बघायचं आणि बाकीच्यांना आतल्या बाजूनं, जिथं इजा होणार नाही तिथं, कानस लावून त्याच्या पातळीला आणायचं. गौराबाई त्यातही शहाणपण करायची. पिस्टनच्या पोटातनं एक पोकळ पिन आडवी जाते. त्या पिनांतही थोडा फरक असतोच. ती हलक्या पिस्टनला जड पिन द्यायची आणि जड पिस्टनला हलकी, म्हणजे कानशीनं झिजवायला उरायचं थोडंच. पण मग कुणाची पिन कुणाला ते विसरून चालत नाही. पिनेला ठसा मारता येत नाही, पोलाद कडक असतं, आणि चारी पिना दिसायला जुळ्यांसारख्या. हुपरीत साखळ्यांचे जुडगे बांधतात तसं तिनं पिनेतनं दोरा ओवून पिस्टनला बांधायला सुरुवात केली. पिस्टनवर आकड्याचा ठसा असतोच; पहिल्याला लाल, मग हिरवा, पिवळा, पांढरा. दोरा सुटेपर्यंत जोडी मोडायची नाही.

आणि काटा मांडला की पंखा बंद. वाऱ्याची झुळूक आली तरी पारडं हलतं आणि खोटं बोलतं. नुसता पंखा नाही, स्वतःचा श्वाससुद्धा धरून ठेवायचा. काटा थरथरत थरथरत मधोमध येऊन उभा राहीपर्यंत छातीत वारा कोंडायचा, मग सोडायचा, मग पुढची जोडी. उन्हाळ्यात त्या पत्र्याच्या खोलीत तिच्या कानशिलावरनं घाम गळ्यात उतरायचा आणि तिला तो पुसताही यायचा नाही. डोक्यावर पंखा होता. तीन पात्यांचा, धूळ धरलेला. त्याच्याकडं ती जितकं बघत आली होती तितकं देवाकडंही बघितलं नसेल.

आता मान वर होत नव्हती. मणक्यात कायमची कळ बसली होती आणि उजवा खांदा पाणी भरायच्या कामाचाही उरला नव्हता. लेक सौंदर्या राजारामपुरीत दिलेली. ती फोनवर म्हणायची, "अव्वा, ये की ऱ्हायला. हितं काय करायचं न्हाय तुला. नुसतं पंख्याखाली बसायचं." गौराबाईला बाकी कशाचा मोह पडला नाही, पण ते शेवटचं वाक्य तिच्या मनात घर करून बसलं. नुसतं पंख्याखाली बसायचं.

गणपती उठले तेव्हा तिनं गुरुसिद्धला सांगितलं. "मला आता हुईत न्हाय."

तो जेवत होता. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "मला काय दिसत न्हाय व्हय? दसऱ्याचं एक इंजिन घेतलंय सम्राटचं. तेवढं झालं की बास. मग काटा ठेव आणि जा पोरीकडं खुशाल."

"शबुद?"

"शबुद."

सम्राट म्हणजे राजारामपुरीत मोबाइलचं दुकान असलेला पोरसवदा गडी. त्याला गाड्या पळवायचा नाद. दिवाळीच्या आधी माळावर जिप्सी गाड्यांची शर्यत होती आणि त्याला ती मारायचीच होती. जुन्या गाडीला एका घरचे चार पिस्टन मिळेनात, म्हणून त्यानं दोन इकडचे आणि दोन तिकडचे आणून टाकले. पुढच्या खोलीतनं त्याचा आवाज आला, "आण्णा, जमवा की कसंबी. तुमच्या हातात जादू हाय."

पडद्याआड गौराबाईनं ते चार पिस्टन हातात घेऊनच ओळखलं, की ही भावंडं नव्हेत. ही चार गावची पावणं आहेत.

तिनं ते जमवले. दिवसामागून दिवस पंखा बंद ठेवून, घाम गिळून, श्वास धरून जमवले. कधी नव्हे तो एवढा फरक पिनांवर भागवावा लागला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेवटचं पारडं मधे उभं राहिलं तेव्हा तिनं चार दोरे ओवले, गाठी मारल्या आणि पाटावर तिथंच कलंडली. आनंद वगैरे काही झाला नाही. ओझं उतरलेल्या बैलाला आनंद होत नाही, तो नुसता उभा राहतो.

खंडेनवमीला गॅरेज धुतलं. पाने, हातोडे, कानशी फळीवर मांडल्या. मधोमध काटा, आणि त्याच्यापुढं सम्राटचे चार पिस्टन, दोऱ्यांसकट. झेंडूची माळ घातली. गुरुसिद्धनं विभूती लावली आणि गौराबाईनं हळदकुंकू वाहिलं. हे शेवटचं, असं तिच्या मनात होतं. म्हणून तिनं हात आखडला नाही. ओल्या हळदीचं बोट काट्याला लावलं, कानशींना लावलं, एकेका पिस्टनला लावलं. उजव्या खांद्यात चमक आली. हळदीची वाटी कलली आणि पिवळं पाणी फळीवर पसरलं. तिनं पदरानं पिस्टन पुसून घेतले. दोरे भिजलेले राहिले.

दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं वाटून घरी आली आणि तिची मान जी धरली ती धरलीच. उशीवरनं डोकं उचलेना. गुरुसिद्ध म्हणाला, "पड तू निवांत. इंजिन मी जोडतो." एरवी तो जोडायला बसला की ती शेजारी बसून एकेक जोडी त्याच्या हातात द्यायची, न्हाणीघरात टॉवेल द्यावा तशी. त्या वेळी ती नव्हती.

इंजिन गाडीत बसलं, त्या सकाळी ती गॅरेजात आली. त्या गॅरेजाची एक रीत होती. इंजिन पहिल्यांदा चालू केलं की नारळ फोडायचा आणि गुरुसिद्धनं जपून ठेवलेलं एक जुनं, जाड नाणं इंजिनाच्या झाकणावर कडेवर उभं करायचं. इंजिन धावतंय आणि नाणं उभं आहे, हे गिऱ्हाइकानं डोळ्यांनी बघायचं, मगच किल्ली घ्यायची. आजवर ते नाणं पडलेलं कुणी बघितलं नव्हतं.

सम्राटनं मोबाइल काढला. "आण्णा, व्हिडिओ काढतो. लोकांस्नी दावायला पायजे."

इंजिन चालू झालं. गुरुसिद्धनं बोटांनी चाचपत नाणं उभं केलं. ते उभं राहिलं. गौराबाई पडद्याच्या फटीतनं बघत होती. तिनं सवयीनं श्वास धरला.

"पळवा," सम्राट म्हणाला.

गुरुसिद्धनं वेग दिला. नाणं थरथरलं. मग दारू प्यालेल्या माणसासारखं एक पाऊल चाललं, गोल वळलं आणि खाली पडून खणखणत बाकाखाली गेलं.

गल्लीतला गोंगाट होता तसाच होता. सम्राटचा हात मोबाइलसकट तसाच वर राहिला.

"वारा आला असंल," सम्राट म्हणाला. "परत लावा की."

पुन्हा दुसरं नाणं उभं केलं. पुन्हा पडलं. गुरुसिद्धच्या कपाळावर घाम आला. त्यानं इंजिन बंद केलं, पडद्याकडं वळला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "गौरे! काट्यात चुकलीस व्हय गं?"

सम्राटनं मोबाइल खाली घेतला. "म्हंजे? वजनं काकू करत्यात?"

इतक्या वर्षांत तिचं नाव पहिल्यांदा पडद्याबाहेर निघालं होतं, आणि ते असं निघालं होतं.

गौराबाई बाहेर आली. खाली वाकवत नव्हतं, तरी गुडघे टेकून बाकाखाली हात घातला, नाणं शोधायला. नाण्याआधी हाताला एक पोतं लागलं. पोत्यात काहीतरी गोल, गार. बघायची गरज नव्हती. तिच्या तळहाताला ते डोळे मिटूनही कळतं. चार पिस्टन. नव्या इंजिनाचे. तिला न सांगता घेतलेल्या कामाचे.

तिनं नाणं उचलून गुरुसिद्धच्या हातावर ठेवलं. "उघडून बघतो आमी," ती सम्राटला म्हणाली. "माझं चुकलं असंल."

"काकू, शर्यत तोंडावर आलीया."

"ठावं हाय बाबा."

सम्राट गेला. तिनं गुरुसिद्धला विचारलं, "बाकाखाली काय हाय?"

"निपाणीचं एक गिऱ्हाईक हाय. जुनं. न्हाय म्हणवंना." तो तिच्याकडं न बघता साखळी ओढत होता. "आणि ते ऱ्हाऊ दे. हितं इज्जत चाललीया माझी."

दिवसभर दोघांनी मिळून इंजिन उघडलं. हेड काढलं, खालचं ऑइलचं पात्र सोडलं, पिस्टन वर ओढले. ते काम करताना गौराबाईच्या डोक्यात एकच घोळत होतं. चुकलं कुठं? आपण दमलो होतो. पारडी अदलाबदल करून बघायची राहिली का? बापानं शिकवलेलं, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. ते आपण केलं होतं का? तिला आठवेना. थकव्याचं हेच वाईट. तो हातापायात आहे तोवर चालतो, पण तो आठवणीत शिरला की माणसाचा स्वतःवरचा भरवसाच घेऊन जातो.

तिनं पंखा बंद केला. काटा टांगला. लालचा जोड बघितला, बरोबर. हिरवा बरोबर. पिवळा ठेवला आणि पारडं दाणकन खाली गेलं. पांढरा ठेवला, ते वर उडालं. म्हणजे पिवळ्याची पिन पांढऱ्यात होती आणि पांढऱ्याची पिवळ्यात. वजनात खोट नव्हती. जोड्या मोडल्या होत्या.

तिनं कोंडलेला श्वास सोडला. आणि मग तिला सगळ्यात आधी काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं वाटलं. आपण चुकलो नव्हतो.

काढलेले दोरे गुरुसिद्ध पेढ्याच्या एका रिकाम्या डब्यात टाकायचा. तिनं तो डबा उघडला. आत एक लाल, एक हिरवा आणि दोन पिवळे. एक बाजारातनं आणलेला, पक्क्या रंगाचा. दुसरा मूळचा पांढरा, खंडेनवमीची हळद प्यालेला. हळद तिचीच. पण त्याच्या गाठीच्या आत अजून पांढरं होतं आणि हळद ठिकठिकाणी फिकी पडली होती. नजर धड असलेल्या माणसानं दोन्ही शेजारी धरले असते तर ऊन आणि सावलीइतका फरक दिसला असता. दोन्ही पिना तेलात धुवून त्यानं आपापल्या दोऱ्याशेजारी ठेवल्या असणार आणि मग कुठला दोरा कुणाचा ते चुकलं असणार. ती दोन्ही दोरे तळहातावर घेऊन बाहेर आली.

"ह्यातला पिवळा कुठला?"

"काय पोरखेळ लावलाईस?"

"सांगा की."

त्यानं दोरे दाराकडं उजेडात नेले. डोळ्याजवळ आणले, लांब धरले. "दोन्ही पिवळंच की. तूच रंगवलंस हळदीनं."

"व्हय. हळद माझीच." तिनं पदर त्याच्यापुढं धरला. "माझं लुगडं कुठल्या रंगाचं हाय?"

"हिरवं," तो चटकन म्हणाला.

लुगडं निळं होतं. गेल्या दिवाळीला त्यानंच घेतलेलं, तेव्हा निळं म्हणून घेतलेलं.

शेजारच्या लेथवर लोखंडाची साल निघत होती, तिचा आवाज येत राहिला.

"कवापासनं?"

"गुढीपाडव्यापासनं." त्यानं खाली बसून हात पुसायला घेतले, ते आधीच पुसलेले होते. "धुकं पडल्यागत वाटतंय. हाताला समदं कळतंय, नट कळतो, आटा कळतो. रंग तेवढा कळंना."

"आणि सांगितलं न्हाईसा."

"सांगून? आण्णाला दिसत न्हाय म्हटल्यावर कोण इंजिन टाकतंय माझ्या दारात?"

"म्हणून मी चुकले, असं सांगितलासा व्हय गल्लीला?"

एखाद्या तरण्या बाईनं दोरे तोंडावर फेकले असते, शेजारपाजार गोळा केला असता. गौराबाईला तेवढा जीव उरला नव्हता. तिनं दोरे परत डब्यात ठेवले आणि म्हणाली, "चला. पिना घाला आता. मी देते हातात."

ती शेजारी बसली. एकेक जोडी देत गेली. "ह्यो पहिला." "ह्यो दुसरा." त्याचे हात घेत गेले. खरं सांगायचं तर त्या हातांना डोळे लागतच नव्हते. पिनेचं लॉक त्याच्या नखाखाली बरोबर खाचेत बसायचं, नट आवळताना शेवटचा पाव आटा त्याच्या मनगटाला कळायचा. असले हात गल्लीत दुसरे नव्हते, हे तिला कबूल होतं. तिला फक्त एवढंच कळत नव्हतं, की हे हात थोर आहेत म्हणून आपली मान कधीपर्यंत मोडायची.

सम्राट आला तेव्हा इंजिन पुन्हा गाडीत होतं. गुरुसिद्धनं नाणं उभं केलं, या वेळी गौराबाईनं त्याच्या बोटाला जरा दिशा दिली. वेग वाढवला. इंजिन ओरडायला लागलं, पत्रे थरथरले, नाणं जागचं हललं नाही. शेतातल्या देवाच्या दगडासारखं उभं राहिलं.

"आण्णा, मानलं!" सम्राट उडालाच. "काय चुकलंवतं हो?"

गौराबाई पडद्याच्या कडेला उभी होती. तिला वाटलं, आता तो सांगेल. गुरुसिद्धनं तिच्या दिशेनं मान वळवली, ओठ हलवले, आणि मग म्हणाला, "बारीकसं हुतं कायतरी. निघालं."

"काकूंच्या काट्यात?"

"न्हाय, न्हाय," तो घाईनं म्हणाला. "काटा बरोबर हुता." आणि साखळी गुंडाळायला लागला.

एवढंच. सम्राट हॉर्न वाजवत गेला. गौराबाई आत जाऊन पाटावर बसली. थोड्या वेळानं ताडपत्री सरली आणि गुरुसिद्ध आत आला. हातात पोतं होतं. त्यानं ते हळूच तिच्या पाटाशेजारी ठेवलं.

"गौरे, आजपासनं तू पुढं बसायचं. खुर्ची टाकू तुला. पाटीवर नाव लिवू तुझं. तुझं डोळं आणि माझं हात. लोक म्हणू देत काय म्हणायचं ते."

हे तो मनापासून म्हणत होता. आवाजातच कळत होतं. हे वाक्य ऐकायला ती तरणी असताना किती झुरली होती, ते एका तिलाच ठाऊक. तेव्हा मिळालं असतं तर तिनं आणखी चार इंजिनं हसत ओढली असती. आता ते तिच्यापुढं आलं आणि तिला कळलं, हा मान पोत्यावर बांधून आलाय. पोतं उचललं तरच मान.

"बघू," ती म्हणाली.

तो समाधानानं बाहेर गेला. ताडपत्रीपलीकडनं पाने आवरल्याचा आवाज यायला लागला.

काटा टांगलेलाच होता, गौराबाईनं तिकडं बघितलं. पारडी मधोमध निवांत होती, कुणाच्याच बाजूनं नव्हती. पारड्यांच्या खाली खंडेनवमीची हळद अजून थोडी होती. तिनं ती पदराच्या टोकानं पुसली. मग पारडी काढली, एकावर एक ठेवली, दांडी फडक्यात गुंडाळली, गुंजेच्या बियांची पुरचुंडी बांधली आणि सगळं बापाच्या लाकडी पेटीत घालून झाकण लावलं. घाईनं नाही. झोपलेलं पोर मांडीवरनं खाली ठेवावं, तसं.

मग ती उठली आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

पंखा आधी कण्हला. पात्यांवरची धूळ झडली. मग तो फिरायला लागला आणि त्या पत्र्याच्या खोलीत, दिवसाउजेडी, काम समोर पडलेलं असताना, वारा आला. गौराबाई त्याच्या बरोबर खाली पाटावर बसली. पोत्याकडं पाठ करून.

बाहेरचा पान्यांचा आवाज थांबला. डोळे अधू झाले तरी कान शाबूत होते.

"गौरे? काटा मांडलाय न्हवं? पंखा कशाला लावलास?"

"काटा पेटीत घातला."

ती वाट बघत होती, तो ओरडेल म्हणून. ताडपत्री सरली नाही. मग त्याच्या मोबाइलचे आकडे बोलायला लागले. सौंदर्यानं त्याला म्हाताऱ्या माणसांचा तसला फोन दिला होता, आकडा दाबला की बोलणारा.

"हॅलो, पावणं? गुरुसिद्ध बोलतोय, कोल्हापूरनं. तुमचं सामान न्यायला या." पलीकडचं काही ऐकून तो थोडा थांबला. "न्हाय, न्हाय, पैशाचं न्हाय. वेळबी हाय मला. पर वजन करणारं माणूस थांबलंय आमचं." पुन्हा थांबला. "मी? मी कवा करत हुतो? मी नुसता जोडत हुतो. वजन बायकोचं. पहिल्यापासनं तिचंच. ...व्हय. आता काय म्हणता, खरं हाय ते."

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग तो पडद्याच्या अलीकडं न येता बाहेरनंच म्हणाला, "पोरीला विचार, राजारामपुरीत डोळ्याचा चांगला दवाखाना कुठला. जाशील तवा मीबी येतो संगं."

"बरं," गौराबाई म्हणाली.

मान दुखतच होती. ती काही एका वाऱ्यानं बरी होणारी नव्हती. पण पदर सुटून जरा उडाला तेव्हा तिनं तो धरला नाही. छातीत कितीतरी काळ कोंडून ठेवल्यासारखा एक श्वास तिनं सोडला, मग दुसरा घेतला, आणि तोही कशासाठीच न धरता सोडून दिला.